भावाच्या लग्नासाठी हातावरच्या पांढऱ्या डागांना सेल्फ-टॅनर : कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर

दोन्ही हातांच्या पाठीवर, डाव्या मनगटाच्या वर आणि उजव्या कोपरावर मला कोड आहे. हनुवटीखालीही एक छोटा डाग आहे. जुनं आहे, गेली काही वर्षं वाढलेलं नाही. एरवी मी ते झाकत नाही. पण ६ डिसेंबरला भावाचं लग्न आहे, पोशाख अर्ध्या बाह्यांचा आहे आणि दिवसभर माणसं भेटणार आहेत. त्यातल्या निम्म्या लोकांशी बोलण्याची सुरुवात "हे कधीपासून? औषध काय चालू आहे?" अशी होते. एक दिवस मला त्यातून सुट्टी हवी आहे, बस.

कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचा मेकअप, पूर्वी वापरून झालं. हात धुतले की जातं आणि ज्याला मिठी मारावी त्याच्या कपड्याला लागतं. म्हणून या वेळी सेल्फ-टॅनर. उन्हात न बसता त्वचा सावळी दिसावी म्हणून लोक लावतात तेच लोशन. त्यातलं मुख्य द्रव्य डीएचए, म्हणजे डायहायड्रॉक्सीॲसिटोन. त्वचेवरच्या मृत पेशींच्या थरात जी अमिनो आम्लं असतात त्यांच्याशी त्याची क्रिया होऊन तपकिरी रंग तयार होतो. पाव भाजताना वरचा पापुद्रा तांबूस होतो, ती याच जातीची क्रिया. यात रंगपेशींचं काहीच काम नसतं, आणि कोडाच्या डागात नेमक्या त्याच नसतात. म्हणून हा उपाय तिथेही चालतो.

या विषयावर जे वाचायला मिळतं ते सगळं अख्ख्या अंगाला एकसारखा रंग देण्याबद्दलचं आहे. डाग भरायचं काम वेगळं निघणार असं दिसतंय, म्हणून लिहून ठेवते आहे.

४ नोव्हेंबर

आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले, आणि बरं झालं गेले. सेल्फ-टॅनरच्या प्रत्येक सूचनेत पहिली पायरी असते ती "स्क्रबने मृत त्वचा काढा" ही. डॉक्टरांनी तीच आधी खोडली. कोड असलेल्या माणसाच्या त्वचेला ओरखडा, घर्षण, भाजणं असं काही झालं की तिथे नवा डाग उठू शकतो. याला कोब्नर परिणाम म्हणतात. तेव्हा खरखरीत हातमोजा, दाणेदार स्क्रब, आदल्या दिवशीचं वॅक्सिंग, यातलं काही नाही. कोमट पाणी, मऊ कापड, हलका हात.

कोडासाठी माझं टॅक्रोलिमस या औषधाचं मलम चालू आहे. ज्या संध्याकाळी रंग लावायचा त्या संध्याकाळी ते नाही लावलं तरी चालेल, असं त्यांनी सांगितलं. (हे माझ्यापुरतं. तुमचं तुम्ही विचारून घ्या. प्रकाशोपचार चालू असतील तर नक्कीच विचारा, कारण हा रंग काही प्रकाश अडवतो.)

तिसरी गोष्ट उन्हाची. रंग चढला म्हणजे संरक्षण मिळालं असं नाही. डागाला ऊन जवळजवळ आधीइतकंच भाजतं. उलट डीएचए लावल्यानंतरचा पहिला दिवस उन्हापासून जास्त जपायचा. सनस्क्रीन सुटत नाही.

७ नोव्हेंबर

दोन बाटल्या आणल्या. एक "हळूहळू चढणारं" फिकं लोशन, दुसरं फेसाच्या रूपात निघणारं गडद टॅनर. या फेसात लावतानाच दिसणारा तपकिरी रंग मिसळलेला असतो, म्हणजे कुठे लागलं आणि कुठे राहिलं ते कळतं. हा वरचा रंग नंतर धुऊन जातो, खरा रंग मागून येतो.

बाटलीवर डीएचएचं प्रमाण लिहिलेलं असेलच असं नाही. बाजारातल्या बऱ्याच लोशनमध्ये ते ३ ते ५ टक्क्यांच्या आसपास असतं, गडदमध्ये जास्त. युरोपीय संघाने २०२१मध्ये सेल्फ-टॅनरसाठी १० टक्क्यांची मर्यादा घातली. फिकी बाटली आधी घ्या असं मी म्हणेन. फिकं गडद करता येतं. उलट करता येत नाही, हे पुढे येईलच.

दंडाच्या आतल्या बाजूला दोन्हींचा ठिपका लावला. शिवाय मनगटाच्या डागात, मध्यभागी, एकेक ठिपका. फक्त चांगल्या त्वचेवर चाचणी घेऊन उपयोग नाही. ॲलर्जी तिथे कळेल, रंग कळणार नाही.

९ नोव्हेंबर

खाज नाही, लाली नाही. रंग मात्र विचार करायला लावणारा. चांगल्या त्वचेवर फेसाचा ठिपका छान तपकिरी दिसतो. डागात तोच ठिपका पिवळट नारिंगी. खाली स्वतःचा रंग नसेल तर डीएचएचा उघडा रंग असाच दिसतो. फिक्या लोशनचा ठिपका डागात जेमतेम दिसतोय.

मला वाटलं होतं बाटली निवडली की काम संपलं. तसं नाही.

१२ नोव्हेंबर

वेळ वाचवायला म्हणून गडद फेस थेट डाव्या हाताच्या पाठीवर लावला. सगळ्या डागांवर, बोटाने, कडेपर्यंत आणि थोडा कडेबाहेर, म्हणजे "मिसळेल". लावल्यावर उत्तम दिसत होतं. रात्री झोपले.

सकाळी हात धुतला आणि खरा रंग दिसला. प्रत्येक डागाभोवती गडद कडं. कारण सरळ आहे: कडेबाहेरच्या चांगल्या त्वचेचा स्वतःचा रंग आहे, त्यावर आणखी रंग चढला आणि ती शेजारापेक्षा काळी झाली. डाग आतून नारिंगी, भोवती तपकिरी रेघ. आधी डाग लांबून दिसायचा, आता नकाशा दिसतोय.

बोटांच्या पेरांवर तर विचारूच नका. सुरकुत्यांत फेस साचला आणि तिथे काळ्या रेघा उठल्या. नखांच्या कडा पिवळ्या. डागातले केसही पांढरे आहेत, ते केशरी झाले. केसांच्या प्रथिनालाही हा रंग धरतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तळहाताला लागलेला फेस मी उशिरा धुतला, तिथे एक डाग पडला. तळहात-तळपायाला त्वचेचा वरचा थर जाड असतो, म्हणून रंग भरपूर धरतो. लावून झालं की तळहात लगेच साबणाने धुवायचे, आणि पुढच्या वेळी हातमोजेच घालायचे.

चादरीवरही तपकिरी छाप. तो धुतल्यावर गेला.

१४ नोव्हेंबर

रंग उतरवायचा प्रयत्न. इतर लोक घासतात, लिंबू-सोडा लावतात, आम्लयुक्त लोशन वापरतात. मला घासायचं नाही आणि डागांवर आम्लही नको. उरलं काय, तर कोमट पाण्यात हात बुडवून ठेवणं, तेल लावून थोडा वेळ थांबणं, मऊ कापडाने टिपणं. थोडा फिका झाला. बाकीचं काम रोजच्या हात धुण्यावर सोडलं. हा रंग वरच्या थरासोबत गळून जातो, त्यामुळे साधारण आठवड्याभरात उतरतोच, हातावर त्याहून लवकर. पण तोवर त्या हातावर पुढचं काही करता येत नाही. वेळापत्रकात इतका वेळ गेला, आणि गडद फेसाचा बराच भाग वाया गेला.

ऑफिसात एकाने विचारलं, भाजलं का. म्हटलं, हो.

२० नोव्हेंबर

आता कडेचा प्रश्न. पहिली कल्पना: कडेबाहेरच्या चांगल्या त्वचेवर व्हॅसलिनची रेघ ओढायची, म्हणजे तिथे रंग धरणारच नाही. चित्रकलेच्या बारीक ब्रशने रेघ ओढली, आत फिकं लोशन भरलं. कल्पना कागदावर बरोबर आहे. प्रत्यक्षात व्हॅसलिन शरीराच्या उष्णतेने पातळ होतं आणि आत सरकतं. सकाळी डागाच्या आत, कडेला लागून, पांढरं वर्तुळ. काळं कडं गेलं, पांढरं आलं.

नखांच्या मुळाशी मात्र व्हॅसलिन उत्तम चाललं. तिथेच ठेवणार.

आणखी एक: उजव्या हाताला मी डाव्या हाताने लावू शकत नाही. डाव्या हाताने सही करून पाहा, त्याहून वाईट. धाकट्या बहिणीला बोलावलं. ती म्हणाली, "ताई, हात हलवलास तर वाघाचे पट्टे येतील, मग मला बोलू नकोस."

२२ नोव्हेंबर

ही पद्धत चालली. जरा सविस्तर लिहिते.

हात साध्या कोमट पाण्याने धुवायचा आणि पूर्ण कोरडा करायचा. अंगाच्या वडीचा साबण लावायचा नाही. वडी क्षारधर्मी असते, तिचा अंश राहिला तर रंग बिघडतो. मग पंख्याखाली थोडा वेळ. कानात घालायच्या कापसाच्या काड्या दोन घ्यायच्या. एक लोशनात बुडवून, बाटलीच्या तोंडाला निथळून, जवळजवळ कोरडी करून घ्यायची. दुसरी नुसत्या पाण्याने ओली करून दाबून घ्यायची.

पहिल्या काडीने डागाच्या मध्यापासून बाहेर यायचं आणि कडेच्या आत केसभर अंतरावर थांबायचं. थांबायचं म्हणजे थांबायचं. लोशन स्वतःच थोडं पसरतं. एक छोटा डाग झाला की लगेच दुसरी, ओली काडी कडेवरून, बाहेरच्या बाजूने, एकदाच फिरवायची. बाहेर गेलेलं उचललं जातं आणि आतली कड किंचित विरळ होते. विरळ कड हवीच आहे. डागाची कड निसर्गतः पूर्ण धारदार नसते, भरलेला रंगही तिथे हळूहळू संपलेला बरा दिसतो. ओली काडी पुन्हा पुन्हा फिरवली तर तीच रंग पसरवते, म्हणून दर डागाला नवी.

पेरांवर लावताना मूठ वळायची, कातडी ताणलेली असताना लावायचं, मग बोटं सरळ करून सुरकुत्यांवरून कोरडा टिश्यू दाबायचा. पुसायचा नाही, दाबायचा. बोटांच्या टोकांचे डाग सोडून दिले. तिथला रंग दुसऱ्या दिवशीच हात धुण्यात जातो आणि नखांजवळ घाण दिसतं.

मग काही तास पाणी नाही, घाम नाही. बाटलीवर लिहिलेला वेळ पाळायचा, पण मी रात्री लावून सकाळी धुणं पसंत करते. रंग पहिल्या काही तासांत दिसायला लागतो आणि पूर्ण चढायला एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. सकाळी उठून "कमीच झालं" म्हणत आणखी एक हात मारायचा मोह होतो. दुपारपर्यंत थांबा.

सकाळी: कडं नाही. फिकं आहे, पण कडं नाही. बहिणीला चहा मी केला.

२४ नोव्हेंबर

फिका रंग गडद करायचा तो थरांनी. लागोपाठच्या रात्री पुढचे दोन थर दिले, त्याच पद्धतीने. पहिल्यापेक्षा दुसऱ्या थराने फरक कमी पडतो, तिसऱ्याने आणखी कमी. क्रियेसाठी लागणारी अमिनो आम्लं वरच्या थरात मर्यादितच आहेत, त्यामुळे थर वाढवत गेलं म्हणून कितीही गडद होत नाही. माझ्या हातावर तिसऱ्या थरानंतर जे आलं ते आसपासच्या त्वचेपेक्षा थोडं फिकं आणि थोडं पिवळं. हातभर अंतरावरून निरखलं तर डाग दिसतो. समोरासमोर उभ्या माणसाला, त्याने शोधला नाही तर, दिसत नाही. मला एवढं पुरे.

पिवळेपणावर उपाय: जांभळी किंवा हिरवी झाक दिलेली उत्पादनं मिळतात, त्या झाकेने नारिंगी मारला जातो. सावळ्या त्वचेवर ती बरी दिसतात असं म्हणतात आणि लावताना खरंच बरी दिसतात. पण ती झाक वरच्या धुऊन जाणाऱ्या रंगाची असते. धुतल्यावर डागात जे उरतं ते बहुतेक डीएचएचंच. एक बाटली त्यात घातली. घेऊ नका असं नाही म्हणत, पण डाग भरायला तिचा फायदा मला मिळाला नाही. अख्ख्या अंगाला लावणाऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकतो.

रंग तपासायची जागा महत्त्वाची. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग खिडकीपाशी नारिंगी दिसला. आता तीन ठिकाणी बघते: खिडकीत, पिवळ्या दिव्याखाली, आणि फोनच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत. लग्नात फ्लॅशच जास्त उडणार.

२७ नोव्हेंबर

मनगटावरचा रंग नीट चढलाच नाही. ठिपक्याठिपक्यांनी आला. विचार केल्यावर लक्षात आलं, दुपारी मलम लावलं होतं. संध्याकाळी हात धुतला खरा, पण मलमाचा तेलकट पापुद्रा पाण्याने जात नाही. मलम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, अत्तर, यातलं काहीही खाली राहिलं की डीएचए त्वचेपर्यंत पोचतच नाही. त्या दिवशी ते अवयव सकाळपासूनच मोकळे ठेवायला हवेत.

याच मनगटावर घड्याळाचा पट्टा घासून एक फिकी पट्टी पडली आहे. घड्याळ लग्नापर्यंत कपाटात.

२९ नोव्हेंबर

उलटं मोजून वेळापत्रक ठरवलं. ६ला लग्न. शेवटचा थर ४च्या रात्री, म्हणजे ५ला पूर्ण चढतो आणि ६ला वास नसतो. वास म्हणजे जळक्या बिस्किटाचा. सुवासिक बाटलीतही तो मागून येतोच, आणि लावल्यावर पहिली रात्र चांगला जाणवतो. ५ची रात्र दुरुस्तीसाठी मोकळी ठेवली आहे. त्या रात्री काही नवं करायचं नाही. पहिला थर २ला, दुसरा ३ला, तिसरा ४ला.

हनुवटीखालच्या डागाला सेल्फ-टॅनर लावायचं नाही असं ठरवलं. चेहऱ्यावरचा रंग लवकर उतरतो, आणि ओठ, पापण्या इथे तर हे लावायचंच नाही. तिथे कन्सीलर. चेहऱ्याला तसाही कोणी मिठी मारत नाही.

कोपर हा वेगळाच त्रास आहे. तिथली त्वचा कोरडी आणि जाड, रंग जास्त आणि डागाडागांनी धरते. नेहमीचा सल्ला असा की कोपर, गुडघे, घोटे यांना आधी थोडं मॉइश्चरायझर लावा, म्हणजे रंग कमी धरेल. पण माझ्या कोपरावर डाग आणि चांगली त्वचा चिकटून आहेत. मॉइश्चरायझर लावलं की दोन्हीकडे फिकं, नाही लावलं की चांगल्या त्वचेच्या घड्या काळ्या. दोन्ही करून पाहिलं.

२ डिसेंबर

पहिला थर. बहिणीचा हात आता माझ्यापेक्षा बसला आहे. दोन्ही हात आणि मनगट, साधारण पाऊण तास. यातला निम्मा वेळ कोरडं होण्याची वाट बघण्यात.

३ डिसेंबर

दुसरा थर. डाव्या अंगठ्याजवळ कडेबाहेर एक ओघळ गेला. दिसता क्षणी ओल्या काडीने उचलला. लगेच उचललं तर काही उरत नाही, तासाभराने उचललं तर उरतं.

४ डिसेंबर

तिसरा थर. सैल, गडद रंगाचा लांब बाह्यांचा शर्ट घालून झोपले. कोपर सोडून दिलं.

५ डिसेंबर

हातांचा रंग बसला आहे. दिवसभर भांडी, सॅनिटायझर, गरम पाण्याची लांब आंघोळ यांपासून दूर. अल्कोहोलचं सॅनिटायझर हाताच्या पाठीवर चोळणं म्हणजे रंग लवकर घालवणं. बाहेर पडताना सनस्क्रीन लावलं, थापटून, चोळून नाही. संध्याकाळी खिडकीत, दिव्याखाली, फ्लॅशने. ठीक.

६ डिसेंबर

कोणी विचारलं नाही. भावाने सकाळी हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "एवढं कशाला केलंस?" मग थोड्या वेळाने, "पण झकास झालंय."

हात दिवसभरात बऱ्याचदा धुवावे लागले. रंग कपड्यावर कुठेच उतरला नाही. कन्सीलर हनुवटीवरून दुपारपर्यंत गेलं होतं.

९ डिसेंबर

आज पेरांवरून उतरायला सुरुवात. एकसारखा उतरत नाही. जिथे घासलं जातं तिथे आधी, मनगटावर सगळ्यात शेवटी. अधल्यामधल्या अवस्थेत हात डागाळलेला दिसतो, कोडापेक्षा वाईट. ज्यांना लग्नानंतर लगेच आणखी कुठे जायचं आहे त्यांनी आठवड्यातून दोनतीनदा फिकं लोशन लावून रंग राखावा. मी उतरू देणार आहे. मलम परत सुरू केलं.

नवा डाग कुठे उठलेला नाही. डॉक्टरांना दाखवायची तारीख जानेवारीत आहे.

१३ डिसेंबर

हात मोकळे झाले. पांढऱ्या केसांची टोकं अजून केशरी आहेत, ती वाढून कापली जातील तेव्हा जातील. दुसऱ्या वेळी केस असलेल्या डागांवर आधी कात्रीने केस बारीक करून घेईन.

फिकं लोशन निम्म्याहून जास्त उरलं आहे. उघडल्यावर डीएचएचा जोर महिन्या-महिन्याने कमी होतो, म्हणून झाकण घट्ट लावून, उन्हाबाहेर, बाटलीवर उघडल्याची तारीख घालून ठेवली.

कोपराचं अजून जमलेलं नाही. पुढचा प्रयोग असा करणार: हात वाकवून, अगदी पातळ केलेलं लोशन, फक्त डागाच्या मध्यभागी, कडेपासून बरंच आत. कोणाला जमलं असेल तर कसं ते कळवा.